सात नंबरची बाटली

"उद्या चार वाजता चौकशी समिती मला खोटारडी ठरवणार आहे," खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली मुलगी म्हणाली. "ते मी एक वेळ गिळेन. पण त्या सात नंबरच्या घरातली माणसं तेच पाणी पीत राहतील हो..."

भावोजींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि लगेच ओशाळून मागे घेतला.

भावोजी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी मेव्हणीच्या कचेरीत येऊन बसत. खासगी तपासाच्या कामात तिला आपली मदत होते असा त्यांचा समज होता आणि बाईंनी तो कधी मोडला नव्हता.

"सावकाश, बाळ," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."

मुलगी एका संशोधन केंद्रात डॉक्टरेट करत होती. निरनिराळ्या विषयांची मुलं तिथे एकाच प्रश्नाला हात घालत. सध्याचा प्रश्न एका वस्तीच्या पाण्याचा आणि आजारपणाचा. तिचा विषय रसायनशास्त्र. चाळीस घरं, चाळीस बाटल्या, दर बाटलीच्या पाच चाचण्या. सात नंबरच्या बाटलीत शिसं सापडलं, मर्यादेच्या सहापट. तिने वही संचालकांच्या स्वाधीन केली. महिन्याने त्यांनी त्याच बाटल्या फेरतपासणीला बाहेर पाठवल्या.

"चाळीसातली एकच बाटली वहीशी जुळली. सात नंबरचं पाणी अगदी स्वच्छ निघालं म्हणे. आता सगळा निकाल बाद, बाटल्याही ओतून टाकणार."

"शिसं दुसऱ्या कुठल्या बाटलीत सापडलं का?"

"मला काहीच दाखवत नाहीत. फ्रीजला हात लावायची बंदी, कोणाशी बोलायची बंदी. गुप्तता!"

"त्या महिन्यात तू कुठे होतीस?"

"पहिला पंधरवडा मुलाखत्याच्या, म्हणजे वस्तीत मुलाखती घेणाऱ्या मुलाच्या टेबलावर. आमच्याकडे जोडीचा पंधरवडा असतो. मी त्याचं काम शिकायचं, त्याने माझं. मी मुलाखती उतरवत होते, तो प्रयोगशाळेत बाटल्या धूत होता."

"एकीचं काम धड होईना, त्यात दुसऱ्याचं!" भावोजी पुटपुटले.

दुपारी बाई आणि भावोजी केंद्रात पोचले. संचालकांनी वही आणि फेरतपासणीचा अहवाल बाईंच्या हाती दिला, तोही नाखुशीने. प्रयोगशाळेच्या मावशींनी मोठा फ्रीज उघडला. बाटल्या ओळीने उभ्या होत्या. चिठ्ठ्यांवरचे निळे आकडे ओलसर गारव्याने फुगले होते.

"पोरीचं अक्षर काही धड नाही," भावोजी म्हणाले.

"मावशी, ती चिठ्ठ्या कशाने लिहिते?" बाईंनी विचारलं.

"पेन्सिलीनं. ह्या खोलीत मलासुद्धा पेन घेऊन येऊ देत नाही. एकदा केवढी कावली होती माझ्यावर!"

"फ्रीजची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे, तिच्याकडे, नि पंधरवड्यात त्या मुलाखतवाल्या पोराकडे होती. तो आकडेवाला अधूनमधून दूध ठेवायला येतो, पण मी ठेवू देत नाही."

संख्याशास्त्र शिकणाऱ्या त्या आकडेवाल्याला सगळे 'दशांश' म्हणत. परदेशातल्या एकाच जागेसाठी त्याचा आणि मुलीचा अर्ज होता, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं.

"म्हणजे संशयित मीच, नाही का? बसा ना. आमच्या रसायनवाल्या बाटलीबाईंनी आकडे रचले असतील असं मला वाटत नाही, पण मोजताना माती खाल्ली असेल."

"असं का वाटतं?"

"रचलेले आकडे फार गोड असतात हो. आणि एक गंमत सांगू? शिशाची सरासरी मी समितीने तपासायला दिलेल्या दोन्ही याद्यांवरून काढली. जवळजवळ तीच! उरलेल्या चारही चाचण्यांचं तेच. समितीला सांगितलं, तर म्हणाले, योगायोग."

"पाचही वेळा योगायोग?" बाई हळूच म्हणाल्या.

दशांशने खांदे उडवले. "मी आकडे सांगतो, बाई. अर्थ लावायचं काम शेजारच्या खोलीत."

शेजारच्या खोलीत मुलाखत्या होता. दोघं आत येताच त्याने टेबलावरचे कागद पालथे घातले.

"माफ करा, हात आपोआप जातो. आमच्याकडे पहिला धडाच तो. ज्याने विश्वासाने सांगितलं, तो माणूस ओळखू येता कामा नये. नाव बदलायचं, नंबर बदलायचा. खरं काय ते एका पाकिटात, पाकीट कुलुपात."

"वस्तीतली घरं तुम्हीच हिंडलात?"

"एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सलग. बाटल्याही मीच भरून आणल्या, त्याच क्रमाने."

"मग नंबर वाचून कोणीही दारं मोजली असती," भावोजी बोलून गेले.

"हो ना! मला झोप लागेना त्याने," मुलाखत्या म्हणाला. "बाटलीबाईंचं काय झालंय हो? वहीत गडबड एवढंच ऐकलंय. विचारायला गेलो तर म्हणाली, बोलायची बंदी आहे."

बाईंनी त्याचा निरोप घेतला. मग जाताना भावोजींच्या हातात दोन्ही याद्यांच्या नकला आणि कात्री ठेवली. "प्रत्येक बाटलीची वेगळी पट्टी कापा. रात्रभर लागली तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सगळे संचालकांच्या खोलीत जमले.

"वहीतल्या चाळीस पट्ट्या पिवळ्या, अहवालातल्या पांढऱ्या," बाई म्हणाल्या. "नंबर झाकून ठेवलेत. भावोजी, टपाल लावा."

भावोजींनी हयातभर हेच केलं होतं. बोटं भराभर चालली. एकेका पिवळ्या पट्टीपाशी एकेक पांढरी जाऊन बसली, पाचही आकडे एकमेकांना खेटून. अखेरीस एकही पट्टी उरली नाही.

"आकडा एकही खोटा नाही," बाई म्हणाल्या. "बनवाबनवी करणारा नवे आकडे आणतो. इथे सगळे जुनेच आहेत, फक्त दुसऱ्या जागी. म्हणून सरासरी हलली नाही. बदलल्या त्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. त्या शाईने लिहिल्यात, आणि ही मुलगी त्या खोलीत पेन फिरकू देत नाही. म्हणजे लिहिणारा तिथे नवखा. एक बाटली जुळली, कारण चिठ्ठ्या टाकून नंबर काढले की एखादा जागच्या जागी पडू शकतो. वाईट हेतू असता, तर तीही ठेवली नसती."

"पण कोणी?" संचालक ओरडले.

"ज्याच्याकडे किल्ली होती, आणि ज्याच्या विषयात नंबर बदलणं हा गुन्हा नाही, धर्म आहे."

मुलाखत्या खुर्चीतून उठला. "मी... मी तर तिचं काम नीट केलं! मोजणी अजून व्हायचीय असंच वाटलं मला. वही तर तिथे नव्हतीच!"

"ती सरांच्या कपाटात होती," बाई म्हणाल्या. "आणि गुप्तता एवढी, की तुम्हाला कोणी विचारलं नाही. तुम्हाला सांगताही आलं नाही."

"अरे गाढवा," मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, "मी तुला बाटल्या धुवायला शिकवलं, दत्तक द्यायला नाही!"

दशांश खो खो हसला, आणि मग कोणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला.

संचालकांनी समितीसाठी लिहिलेला कागद उभा-आडवा फाडला. "चुकलो, पोरी. तुझी वही खरी." मग ते पुढे वाकले. "शिशाची बाटली आता एकतीस नंबरवर आहे. पाकीट आणा. सातवं दार कोणत्या टोकाकडून? घर कोणाचं?"

मुलाखत्या पाकीट घेऊन आला, पण त्याने ते छातीशी धरलं. "सर, मी त्यांना शब्द दिलाय. हे कोणालाच दाखवता यायचं नाही."

"दाखवू नका," बाई म्हणाल्या. "तुमचे तुम्ही वाचा."

सर्वांत आधी मुलीने खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दशांश वळला. संचालकांनी क्षणभर विचार करून चष्मा काढून ठेवला. भावोजींनी डोळे घट्ट मिटले.

पाकीट फाटल्याचा आवाज झाला. मग दार उघडलं. जिन्यावरची पावलं आधी चालत गेली, मग धावत.

मुलगी एकदम उठली, जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकली आणि सारी इमारत ऐकेल अशा आवाजात ओरडली, "अरे, उकळून चालणार नाही म्हणून सांग! शिसं उकळून जात नाही!"

"सांगतो!" खालून उत्तर आलं.