गिरणीत भरलेला आवाज

ही हकीकत खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने सोडून द्यावी, मी वाद घालणार नाही. जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

साल १९५७. जून महिना, मंगळवार. गाव कुंभकोणम, आणि जागा तिथल्या मेलकावेरी भागातली बंद भातगिरणी.

रात्र नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते.

मी अंबुजा. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. माझे यजमान चंद्रमौली सात वर्षं मद्रासच्या एका स्टुडिओत आवाजाच्या खात्यात होते. पुढे मालकाशी खटकलं आणि नोकरी सोडून ते गावी आले. येताना स्टुडिओने काढून टाकलेलं एक टेपचं मशीन घेऊन आले. पेटीएवढं मोठं, उचलायला दोघं लागायची.

"आता कुणाची चाकरी नाही," ते म्हणाले. "ज्या कंपनीला जो आवाज पाहिजे तो मी भरून देईन."

लोक हसले. आवाज काय विकायची वस्तू आहे?

पण कामं मिळू लागली. जवळच्या मरुदानल्लूरच्या मठातलं भजन, देवळाची घंटा, नदीचा पूर. हाताखाली माणूस नव्हता, म्हणून मायक्रोफोन मी धरायची.

मग एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं. सिनेमात जमीनदाराचे लोक एका कुळाला मारून मारून संपवतात. त्या मारहाणीचा आवाज हवा होता. यांनी घरीच काहीतरी भरून पाठवलं. ते परत आलं. सोबत चिठ्ठी होती... 'हा स्वयंपाकघरातला आवाज आहे. लोकांच्या पोटात गोळा आला पाहिजे. आठ दिवसांत जमलं नाही तर दुसऱ्याला सांगू.'

यांचा चेहरा उतरला. हे काम गेलं असतं तर पुन्हा त्याच स्टुडिओच्या दारात हात जोडून उभं राहावं लागलं असतं.

नात्यातल्या व्यंकोबांची गिरणी दोन वर्षं बंद होती. जाड भिंती, वर पत्रा, आणि वीज अजून चालू. व्यंकोबांनी किल्ली दिली.

आम्ही दार आतून लावलं. ओल्या गोणपाटात कोंडा भरला होता, ते झालं माणसाचं अंग. ओल्या फडक्यात गुंडाळलेला ऊस म्हणजे हाड. आणि डोक्यासाठी एक मोठा कोहळा.

यांनी धोतर खोचलं आणि काठी उचलली.

पहिला वार पडला तेव्हा मी मायक्रोफोन घट्ट धरला. हे तसे शांत स्वभावाचे. त्या दिवशी दात आवळून मारत होते. गोणपाट फाटलं. ऊस मोडला. कोहळा फुटून गर माझ्या लुगड्यावर उडाला.

मग थांबले. घामाने निथळत होते. बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायची खूण केली.

गिरणी शांत झाली...

एवढी शांत, की बाहेरचे कावळेही ऐकू येईनात.

माझी नजर मशीनवरच्या सुईकडे गेली. आवाज झाला की ती उडायची.

आता कसलाच आवाज नव्हता.

पण सुई उडत होती.

थांबून थांबून. एकेक वार पडावा तशी.

"अहो, सुई बघा," मी पुटपुटले.

"तुझा हात हलत असेल."

माझा हात हलत नव्हता.

यांनी फीत मागे फिरवली, हेडफोन कानांना लावले आणि मशीनपुढे मांडी घालून बसले. मी त्यांच्या मागे उभी होते. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त चक्रं फिरताना दिसत होती.

थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलले, "हे मी मारलेलं नाही..."

आणि त्यांचा सदरा फाटला.

माझ्यासमोर. खांद्यापासून कमरेपर्यंत, तिरका. खाली कातडीवर बोटभर जाड वळ उठला आणि त्यातून रक्त आलं.

आवाज काहीच झाला नाही.

ते पुढे कोलमडले. तोवर दुसरा वार. मग तिसरा. मागे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. काठी कोपऱ्यात पडली होती. त्यांचं अंग मात्र खरोखर कुणीतरी मारावं तसं उडत होतं. खांद्यापाशी काहीतरी वाकडं झालं आणि हाडाचं टोक कातडीखाली वर आलं. तोंडातून रक्ताचा फेस आला. त्यांनी किंकाळी फोडली असणार, जबडा तेवढा उघडला होता.

पण मला तीही ऐकू आली नाही.

मी धावले आणि विजेची वायर उपटली.

चक्रं फिरतच राहिली...

त्यांच्या डाव्या कानातून रक्ताची धार लागली. मी हेडफोन ओढून काढले. ते माझ्या हातात होते, तेव्हा त्यांतून बारीक आवाज आला. धपाधप वार पडत होते. माणसं धापा टाकत होती. आणि त्या सगळ्याखाली कुणीतरी हुंदके देत तमिळमध्ये म्हणत होतं...

"वेंडाम, अण्णा... वेंडाम..."

नको, दादा. नको.

यांच्या बरगडीवर आणखी एक वार बसला. हाड मोडल्याचं या वेळी मला ऐकू आलं. हेडफोनमधून.

मी फिरती फीत मुठीत धरली आणि ओढली. तळहात चिरला. फीत तुटली.

सगळं थांबलं. बाहेर कावळे ओरडू लागले.

ते रक्ताच्या थारोळ्यात पडले होते. डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे.

"अंबुजा, आवाज ऐकलास?"

दवाखान्यात डॉक्टरांनी पाठ पाहिली, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "कुणी मारलं?" मी सांगितलं, जिन्यावरून पडले. त्यांचा विश्वास बसला नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्या गेल्या होत्या, आणि डावा कान कायमचा बंद.

मी व्यंकोबांना गाठलं. गिरणीत कोण मेलं होतं, कुणाला मारलं होतं, सरळ विचारलं.

"कुणी नाही," ते म्हणाले. "मी स्वतः बांधली. आधी तिथं भाताचं खाचर होतं. साधं भांडणसुद्धा कधी झालं नाही." ते खोटं बोलणारे नव्हते. आसपास विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत गेले, तर हे अंथरुणावर उठून बसले होते. मांडीवर ती तुटलेली फीत. एका हाताने ते तिचे तुकडे चिकटवत होते.

"जाळून टाका ते."

"असा आवाज आजवर कुणी भरलेला नाही," ते म्हणाले. डोळे वर केले नाहीत.

फीत मद्रासला गेली. पंधरा दिवसांत उत्तर आलं. तो आवाज ऐकताना खोलीतले लोक उठून बाहेर गेले, असं लिहिलं होतं. कौतुकाने लिहिलं होतं. आणि दुसऱ्या सिनेमासाठी तसाच, पण आणखी लांब, आवाज मागितला होता.

प्लास्टर निघायच्या आत हे पुन्हा गिरणीत गेले. मशीन गाडीवानाकडून बैलगाडीत चढवलं. मी दारात आडवी उभी राहिले, तर म्हणाले, "तू येऊ नकोस. मी एकटाच जातो."

मी घरात देवापुढे बसून राहिले. अडीच वाजले. तीन वाजले.

चारला परत आले. मी सदरा काढायला लावला. पाठीवर जुने वळ होते, नवीन एकही नाही. फीत मात्र काठोकाठ भरलेली.

"ऐकलीत?"

"हो. शेवटपर्यंत."

"मग... काही झालं नाही?"

"मला नाही झालं," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी शेजारची सुब्बलक्ष्मी आली. ती तिरुभुवनमहून, जवळच्या विणकरांच्या गावाहून, रेशमी साड्या आणून विकायची. आदल्या दिवशी ती तिथेच होती.

"काय सांगू अंबुजा," ती म्हणाली. "नटराज म्हणून विणकर होता, गरीब माणूस. दुपारी मागावर बसला होता. बायको शेजारी बसून धागा सोडवत होती. तिच्यासमोर त्याची पाठ फाटली म्हणे. कुणी आलं नाही, गेलं नाही. डोकं फुटलं. विणत आणलेली साडी सगळी रक्ताने भिजली."

"किती वाजता?" मी विचारलं.

"जेवणं झाल्यावर. तीनच्या सुमारास."

"तो काही बोलला का?"

"हात जोडून कुणालातरी नको नको म्हणत होता. संध्याकाळपर्यंत होता, मग गेला."

रात्री मी यांना सगळं सांगितलं. त्यांनी उजवा कान माझ्याकडे करून नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रडतील.

"तिरुभुवनम कुठे आणि गिरणी कुठे," शेवटी म्हणाले आणि कूस बदलली.

पुढे त्यांचं नाव झालं. मद्रासच्या कंपन्या गाडी पाठवायच्या. मारहाणीचा आवाज म्हटलं की कुंभकोणमचे चंद्रमौली, असं लोक म्हणू लागले. दर वेळी ते एकटेच गिरणीत जायचे आणि धडधाकट परत यायचे. दुसऱ्या दिवशी मी सुब्बलक्ष्मीकडे जायचं टाळायची. वर्तमानपत्र आलं की उलटं करून ठेवायची.

नटराजचं कळल्यावर महिन्याभरात तसाच आवाज मागणारं तिसरं पत्र आलं होतं. ते मीच वाचून दाखवलं होतं. त्या कामासाठी सकाळी हे गिरणीत निघाले तेव्हा मी त्यांना अडवलं नाही, हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

दुपारी भूक लागेल म्हणून मी दहीभाताचा डबा बांधून दिला.