झाकण लावायच्या आधी

त्या दिवशी दुपारी मी दोर परत करायला स्टोअरमध्ये गेलो होतो. काम एवढंच. दोर झटकायचा, गुंडाळायचा, खुंटीला टांगायचा आणि टाकीपाशी परत येऊन उभं राहायचं. दुसऱ्या कोणाला दहा मिनिटं लागली असती. माझे गुडघे धरलेले, मला वीस लागली.

सांगतो. मला घाईने सांगता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मी भाईदास. मूळचा शिंदखेड्याकडचा, आता उधन्यालाच हाडं झिजली. कंपनीचं नाव घेत नाही. मोठी आहे, सकाळी तिच्या बसगाड्यांनी उधन्याचा रस्ता अडतो, एवढं सांगितलं तरी पुरे. तिथे ठेकेदाराच्या हाताखाली माझं काम एकच, टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं.

टाकी म्हणजे आडवं पडलेलं लोखंडी पिंप समजा, पण दोन एसट्या मागेपुढे उभ्या राहतील एवढं. मध्ये मध्ये आडवे पत्रे, त्यामुळे बॅटरी मारली तरी पार शेवटपर्यंत उजेड जात नाही. आत शिरायला एका टोकाला, जमिनीलगत एकच भोक. उन्हाळ्यात कारखाना बंद ठेवतात तेव्हा माणसं आत शिरून टाकी तपासतात. जो आत जाईल त्याने गळ्यातला पास काढून तोंडाजवळच्या फळीवर अडकवायचा, बाहेर आला की उचलायचा. फळी रिकामी म्हणजे टाकी रिकामी. मग झाकण लावायचं, बोल्ट आवळायचे, आणि टाकीत असा गॅस भरायचा की आत माणूस दोन श्वास घेणार नाही. मला अक्षर येत नाही, पण पासावर फोटो असतो. मी चेहरे बघून काम केलं.

एकदा ती फळी रिकामी होती आणि टाकी रिकामी नव्हती.

अकरा वर्षं झाली. काशिनाथ माझ्याच गावचा. तो बाहेर आला, पास गळ्यात घातला, आणि आत बॅटरी राहिली म्हणून परत शिरला. मी पाणी प्यायला वळलो होतो. झाकण मीच लावलं. शेवटचा बोल्ट आवळला आणि आतून तीन ठोके आले. मी तेव्हाच्या सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, लोखंड आहे, ऊन लागलं की बोलतं. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी मान्य केलं. तिसऱ्या दिवशी काशिनाथची बायको गेटवर आली, तेव्हा टाकी उघडली.

तेव्हापासून झाकण लावायच्या आधी मी पान्याने तीनदा ठोकतो, हाक मारतो, आणि थांबतो. फिटर लोक हसतात. हसू देत. अकरा वर्षांत आतून कधी काही आलं नाही.

यंदा मंदार आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा, महिनाभराच्या इंटर्नशिपवर. राहायला अडाजणला, आई विजयाबाई शाळेत शिक्षिका. टाकीचा पत्रा कुठे किती झिजला ते एका हातातल्या मशीनने मोजायचं आणि तिथे खडूने खूण करायची, हे त्याचं काम. बाहेर यायचा तो भुवयांपर्यंत खडूने पांढरा.

"ए इंटर्न, चॉक खातो की लावतो?" सुपरवायझर धर्मेंद्रभाई त्याला चिडवायचा.

"खातो ना साहेब. कॅन्टीनच्या चहापेक्षा बरा लागतो."

मला म्हणायचा, "काका, दिवसभर नुसतं उभं राहून कंटाळा नाही येत?"

"तू बाहेर आलास की येईल."

हसायचा. माझ्या हाकेला आतून "ओ काका" करायचा. दर पाच मिनिटांनी मी हाक मारायची आणि त्याने ओ द्यायची, असं चालायचं.

तो त्याचा शेवटचा दिवस. दुपारी एकला बाहेर आला, फळीवरचा पास उचलला. आत हवा ढकलणारा पंखा धर्मेंद्रभाईने दुसऱ्या टाकीसाठी काढून नेला. मी दोर घेऊन निघालो. तोंड उघडं राहिलं आणि तोंडाशी कोणी राहिलं नाही. ती चूक माझी.

परत आलो तर धर्मेंद्रभाई घड्याळ बघत उभा, दोन फिटर पाने घेऊन तयार.

"चलो बापू, ढक्कन मारो. चार वाजता गॅस भरायचाय."

"मंदार?"

"जेवायला गेला असेल. फळीवर पास आहे का? नाही ना? मग?"

बंद कारखान्यातली दुपार तुम्ही पाहिली नसेल. एरवी तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी पत्र्याच्या शेडवर कावळा चालला तर त्याची नखं मोजता आली असती. मी वाकून भोकाशी तोंड नेलं. टाकीचा वास मला पाठ आहे, गंजाचा, आंबूस, ओल्या रबरासारखा. त्या दिवशी त्यात दुसरा वास होता. माणसांचा. परप्रांतीय मजुरांच्या मेसच्या खोलीत वीस-वीस जण झोपतात आणि सकाळी दार उघडलं की येतो ना, तसा.

पान्याने तीनदा ठोकलं.

"आत कोणी आहे का रे...?"

काही नाही. थांबलो. काहीच नाही. फिटरांनी झाकण बसवलं. पहिला बोल्ट गेला, दुसरा गेला.

ठक्. ठक्. ठक्.

लांबून नव्हे. झाकणाच्या अगदी मागून, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून.

फिटरांचे हात थांबले. धर्मेंद्रभाई हसला, पण ओठच हलले. "लोखंड आहे बापू. ऊन लागलं की बोलतं."

तेच शब्द. त्याला कोणी शिकवले होते कोण जाणे. मी खाली बसलो आणि झाकणाला पाठ लावली.

"उठो बापू. नोकरी जाएगी आपकी."

"जाऊ द्या. घरी बसेन. पण आधी उघडा."

"अरे, पास नाही फळीवर!"

"तेव्हाही नव्हता."

तो काही बोलायच्या आत ठोके पुन्हा आले. माझ्या पाठीतून गेले ते. एक, दोन, तीन... चौथा अर्धाच आला. कोणीतरी मागून हात धरावा तसा. आणि मग लोखंडावरून काहीतरी ओढत आत नेल्यासारखं झालं, हळूहळू.

धर्मेंद्रभाईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "खोलो..." तो म्हणाला.

तोंडाला हवेचे मुखवटे लावून दोन माणसं आत गेली. मंदार सापडला तिसऱ्या पत्र्यापलीकडे. झाकणापासून चाळीस फूट. एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये आवळलेले. पास गळ्यातच. डॉक्टर म्हणाले, पोरगा शुद्धीवर असणं शक्यच नव्हतं, अजून थोडा वेळ गेला असता तर हाती लागला नसता.

मग ठोकलं कोणी, हे धर्मेंद्रभाईने मला कधी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

दहाएक दिवसांनी मी अडाजणला गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील, घरात ऊन आलं होतं. विजयाबाईंनी दार उघडलं आणि माझे हात हातात घेतले.

"जागाच आहे भाऊ. झोपतच नाही फारसा. तुम्ही बोला त्याच्याशी, मी चहा टाकते."

मंदार मोठ्या पलंगावर होता, पार भिंतीला चिकटून. मला बघून हसला, पण पहिल्यासारखा नाही.

"तीन जागा राहिल्या होत्या मोजायच्या, काका," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता. तोंड उघडं दिसलं. तुम्ही दिसला नाहीत. म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे..."

मी खाली बघितलं.

"आत गेल्यावर चक्कर आली. मग... बाजूला माणसं होती, काका. दोन्ही बाजूंना. पत्र्याला पाठ लावून ओळीने बसलेली."

"अंधारात दिसली कशी?"

"दिसली नाहीत. अंगाला अंग लागत होतं." त्याने आवाज आणखी खाली आणला. "एक जण म्हणाला, बैठ जा. कोणी उडियात काही बोललं, मला कळलं नाही. मग सगळे थोडे थोडे सरकले. मला जागा करून दिली."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. दोघंही दचकलो.

"आणि... ठोकत कोण होतं?"

"टाकीच्या तोंडापाशी एक जण होता. तुमच्या गावाकडच्यासारखं बोलत होता. 'हाऊ पोऱ्या शे, जाऊ द्या याले...' असं काहीतरी. बाकीचे त्याचा हात धरून मागे ओढत होते."

माझ्या डोळ्यांना धार लागली. काशिनाथ, दुसरं कोण? मी त्याला आत कोंडलं आणि तो... पण मग मनात आलं ते आलंच. त्या टाकीत मेलेला मला एकच माणूस ठाऊक. कंपनीलाही एकच ठाऊक.

"किती जण होते रे?"

"सांगता येत नाही, काका. टाकी भरली होती."

माझे गुडघे भरून आले. पलंग चांगला चार हात रुंद, पोरगा वीतभर जागेत पडलेला, बाकी सगळा रिकामा. मी टेकायला वळलो, तसं त्याने माझं मनगट घट्ट धरलं. त्या उन्हाळ्यातही त्याचा हात गार होता.

"तिथे नको, काका."

"का रे?"

त्याने आधी दाराकडे बघितलं, आई येतेय का ते. मग पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे. गुडघे पोटाशी घेतले, आणि भिंतीकडे अजून थोडा सरकला.