बोरन्हाणाला न बोलावलेली

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. नमिता माझी धाकटी जाऊ. खोटं सांगून तिला काय मिळणार? मिळाली तर लाजच.

कोपरखैरणे. रथसप्तमीच्या आधीचा रविवार. रात्रबित्र नव्हती... घरात चांगलं ऊन होतं.

नमिताच्या शिवतेजचं दुसरं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून स्वारी पाटावर बसलेली.

खालच्या मजल्यावर उन्नती राहायची. सात वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. केमोनं केस गेलेले, तोंडावर मास्क, गळ्यात दोरीनं अडकवलेली सॅनिटायझरची बाटली. कुणाच्याही दारात आली की आधी पच्... पच्... मग हात चोळून विचारायची, "काकू, येऊ?"

आणि तोंड? अखंड चालू. लिफ्टमध्ये शिवतेजला म्हणायची, "तुला पण केस नाहीत, मला पण नाहीत. आपलं पार्लर एकच!"

मागच्या वर्षी तिनं नमिताला विचारलं होतं, "बोरन्हाणाला बोलवाल ना? मी नुसती वेचीन. तिथे खाणार नाही, प्रॉमिस. आई आधी धुऊन देते."

"बोलवणार म्हणजे काय!"

मग तिच्या आईला, निशिगंधाला, नमितानं सांगितलं, "यंदा आम्ही करतच नाही आहोत."

गर्दीत तिलाच इन्फेक्शन होईल, अशी नमितानं स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. पहिलंवहिलं बोरन्हाण. फोटोत ते डोकं नको होतं. आणि मनात खोल कुठेतरी... आजारी पोराची सावली आपल्या बाळावर नको.

पोरांचा दंगा खाली ऐकू गेलाच असणार.

गणपतीच्या आधी उन्नती गेली.

तर यंदा. आमच्या सासूबाईंनी शिवतेजच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, चॉकलेटं ओतली. पोरं तुटून पडली. नुसता कल्ला!

आणि एकदम...

शांतता.

पोरं मुठी आवळून दाराकडे बघत होती. लाकडी दार उघडं होतं, फक्त डासांच्या जाळीचं सेफ्टी डोअर लावलेलं. पलीकडे रिकामा पॅसेज.

पच्... पच्...

सॅनिटायझरचा वास घरात शिरला.

"वेचा ना रे!" नमिता म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

माझी वैदेही चार वर्षांची. आम्ही खांदेश्वरला राहतो, तिनं उन्नतीला कधी पाहिलेलंच नाही. तिनं एक बोर दाराकडे घरंगळवलं.

"काकू, त्या ताईला पण."

"कुठली ताई?"

"मास्कवाली. तिला कुणी ये म्हणत नाही ना... म्हणून ती बाहेरच उभी आहे."

मी वैदेहीला मागे ओढलं.

नमिता दाराशी गेली. काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. एकच शब्द. ये.

पॅसेजमध्ये कुणीच नव्हतं.

पण जाळी... खाली, लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीवर... हळूच आत यायची. मग बाहेर जायची.

आत... बाहेर...

मास्क श्वासानं हलतो तशी.

"कोन हाय गो दारान?" सासूबाईंनी विचारलं.

शब्द नमिताच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात मागे हलव्याचे दागिने खुळखुळले. शिवतेज पाटावरून उठला होता. दोन्ही हात पुढे करून, खुदुखुदु हसत, दुडुदुडु दाराकडे निघाला होता.

नमितानं त्याच्याकडे पाहिलं.

आणि लाकडी दार लावून घेतलं.

कडीसुद्धा घातली.

"कोणी नाही, आई. वारा होता."

दार वाजलं नाही. कुणी रडलं नाही. फक्त जिन्यावरून पावलं उतरत गेली... सावकाश... दमलेलं मूल उतरतं तशी.

शिवतेज अगदी ठणठणीत आहे. ताप नाही, किरकिर नाही. त्या दिवशी कोण आलं होतं, मला सांगता येत नाही. नमिता मात्र निशिगंधा दिसली की लिफ्ट सोडून जिन्यानं जाते.

परवा फोनवर मी तिला विचारलं, "पुन्हा आली तर?"



"ये म्हणायचं ठरवलंय, वहिनी," ती म्हणाली. "पण... शिवा घरात नसेल तेव्हा."