लॅबचंच का बंद?

प्रेम म्हणजे दोन जीवांना लागलेली भेटीची अखंड ओढ. या गोष्टीतल्या दोन जीवांची भेट महिन्यातून एकदाच होई, लॅबमधून रिपोर्ट जायचे बंद पडले की.

ती इस्पितळाच्या तळघरात रक्त तपासायची. तो तिसऱ्या मजल्यावर फायरवॉल सांभाळायचा, म्हणजे नेटवर्कच्या दारातून कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं ते ठरवायचा. रिपोर्ट अडकले की ती फोन करी, तो खाली येई, पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासात उरकी... आणि जाताना दारातून वळून बघे. पहिल्या भेटीत असंच वळताना त्याने नमुन्यांचा ट्रे पाडला होता. तेव्हापासून तो यायच्या आधी ती ट्रे आत सरकवून ठेवी.

आज मात्र ती तारीख नव्हती. दुपारी फायरवॉलचं अपडेट झालं आणि रिपोर्ट थांबले. वर ऑपरेशन थिएटरमध्ये एका आजोबांना टेबलावर घेतलेलं. रक्त गोठण्याचा रिपोर्ट स्क्रीनवर दिसल्याशिवाय डॉक्टर भूल देणार नव्हते आणि फोनवर सांगितलेला आकडा चालत नव्हता. लॅबच्या काउंटरच्या खिडकीबाहेर आजोबांची मुलगी येरझाऱ्या घालत होती.

“पाठवतेय हो सिस्टर... पाठवतेच आहे,” तिने पुन्हा फोन ठेवला. तेवढ्यात तो धापा टाकत आला.

“केबल बघितलीत?”

“मी काय काल नोकरीला लागलेय?”

“मशीन बंद करून—”

“दोनदा.”

तो तिच्या खुर्चीत बसला. बोटं चुकीच्या कळांवर पडत होती. ती मागे उभी, हात सारखा कानाच्या पाळीकडे जात होता. कान आज मोकळे होते.

“एक्स-रेचं चालू आहे,” ती म्हणाली. “औषधांचं चालू आहे. स्वयंपाकघराचंसुद्धा. मग लॅबचंच का बंद?”

“नव्या आवृत्तीत तात्पुरते नियम चालत नाहीत. अपडेटने ते सगळे उडवले.”

“आणखी कुणाकुणाचे उडाले?”

“...कुणाचेच नाही.”

“म्हणजे तात्पुरता फक्त आमचा?”

त्याने स्क्रीनवर नियमांची यादी उघडली. “महिन्याची मुदत घातली होती. संपली की तुमचा फोन यायचा... कायमचा केला असता, तर खाली कशाला बोलावलं असतं तुम्ही मला?”

फोन वाजू लागला.

“वर आजोबा टेबलावर आहेत,” ती म्हणाली. “आधी कायमचा करा. आत्ता. मग बघते तुमच्याकडे.”

त्याने केला. स्क्रीनवर रिपोर्ट जाण्याची पट्टी सरकली, अडखळली... सरकली. ती फोन उचलून कानाला लावून उभी राहिली.

“दिसला,” ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. खिडकीबाहेरच्या मुलीला तिने मान हलवून खूण केली.

“तक्रार करणार असाल तर...” तो म्हणाला.

“करायलाच हवी. इतक्या महिन्यांत एकदा तरी विचारायचंत.” ती थांबली. “रिपोर्ट बंद पडायच्या तारखेला मी डूल घालून येते, ते काय या सेंट्रिफ्यूज मशीनसाठी?”

तो लाल झाला. “मग आता... खाली यायला कारण?”

“उद्या चहाला या. विनाकारण.”

तो निघाला, दारातून वळला, आणि आज आत न सरकवलेला ट्रे पाडला. नशिबाने रिकामा होता.

पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. त्याच आठवड्यात फायरवॉलचं पुढचं अपडेट झालं आणि त्यात कायमचे नियमही उडाले.