आप्पासाहेबांची हुंदके देणारी गाडी

"आली, आली! आता बघ कशी रडती!" केरबानं छायाचा हात गच्च धरला.

तिघं बाभळीमागं दडून बसली होती. दहा वर्षांचा केरबा, त्याची मोठी बहीण सारजा आणि सारजाची मैत्रीण छाया. दिवस मावळतीला आला होता. समोर रस्त्यालगत छायाच्या घराच्या चार काळ्या भिंती उभ्या होत्या. सात वर्षांपूर्वी, नामांतराच्या दंगलीत, जमावानं ते घर जाळलं होतं. ना छप्पर, ना दार. नुसत्या चौकटीतून पलीकडचं आभाळ दिसायचं.

सरपंच आप्पासाहेबांची पांढरी अँबॅसडर तिथवर आली आणि थांबली. थांबणं भागच होतं. केरबा-सारजाच्या म्हाळसाआज्जीची शंभर मेंढरं त्याच वेळी रस्ता ओलांडत होती.

गाडी उभी राहिली अन् थरथरायला लागली. गुर्र... फट्... गुर्र... मध्येच दम कोंडायचा, मध्येच उसळी! आणि बॉनेटखालून बारीक हुंदका, हुंऽऽ हुंऽऽ. छायाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आप्पासाहेब काच वर करून, घराकडं पाठ फिरवून, घाम पुसत बसले होते. मेंढरं सरली तशी गाडी सुसाट पळाली. हुंदका गेला.

"पाह्यलंस? दुसरीकडं कुठंच असं करत नाय!" केरबा कुजबुजला. "तुमच्या घरात भूत हाय, छाया!"

"कुणाचं भूत?" छाया उसळली. "आम्ही तर सगळे जिवंत निघालो होतो!"

केरबानं जीभ चावली.

छायाचे वडील पुंजाराम चितेगावच्या कंपनीत इंजिनाचे भाग बनवायचे आणि शहरात, उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहायचे. त्यांना आपल्या घरी परत यायचं होतं. पण आप्पासाहेबांचं एकच पालुपद, "जागा झपाटलेली हाय. भिंती पाडू अन् काटेरी कुंपण घालू." उद्या संध्याकाळी पारावर तसा ठराव होणार होता, म्हणून छाया अन् पुंजाराम गावात आले होते.

"बाबांनी छपराला पत्रेसुद्धा आणलेत," छाया म्हणाली.

सारजा मात्र मेंढरांकडं टक लावून बघत होती. "केरबा, आप्पांची गाडी चालू राहून दुसरीकडं थांबती कुठं?"

"कुठंच नाय! घरी पोचले की चावी काढत्यात. इथं मात्र भीत्यात. बंद केली अन् परत चालूच नाय झाली तर?"

"अन् इथं गाडी थांबवतं कोण?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"आत्ता गं बया! आपलीच मेंढरं!" केरबा किंचाळलाच.

दुसऱ्या दिवशी कळप सारजानं हाकला, पण त्या जळक्या घराजवळून नेलाच नाही. तिनं तो गावात घातला. मारुतीच्या देवळासमोर, पारावर अख्खं गाव जमलं होतं. आप्पासाहेबांची गाडी वळणावर आली आणि मेंढरं आडवी!

गुर्र... फट्... गुर्र... हुंऽऽ हुंऽऽ!

पारावरची माणसं उठून उभी राहिली. आप्पासाहेब ओरडले, "ए पोरी! हाक ती मेंढरं!"

"हाकते, आप्पा. पण एवढं सांगा, मारुतीसमोर भूत कसं काय आलं?"

पारावर खसखस पिकली. आप्पासाहेब ओशाळून खाली उतरले. "काय करतीस ते कर बाई!"

केरबानं बॉनेट उघडलं. सारजानं पपईच्या पानाचा पोकळ देठ कानाला लावला आणि दुसरं टोक इंजिनावर इथंतिथं फिरवलं. खोकणाऱ्या मेंढीच्या बरगडीला आज्जी असाच कान लावायची. देठ एका रबरी नळीपाशी आला आणि सारजा ओरडली, "इथं! इथं रडतंय!"

नळीला बोटभर चीर होती. छायानं त्यावर अंगठा दाबला. हुंदका बंद! इंजिन एकसुरात चालू. अंगठा काढला, परत गुर्र... फट्!

पुंजारामांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी चिरेवर आवळून बांधली. "चिरेतून जादा हवा ओढली जाती," ते शांतपणे म्हणाले. "गाडी पळत असली की कळत नाय. उभी राहिली की कळतं."

आप्पासाहेबांनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पुंजाराम, घर जळालं त्या दिवशी बी माझी गाडी तुझ्या घरापुढं उभी होती. चालूच होती. तुमचा आक्रोश ऐकला अन् काच वर केली. उतरलो नाय मी. तवापास्नं तिथं थांबलं की मला तेच ऐकू येतं."

पुंजारामांनी बॉनेट धाडकन बंद केलं.

"मग आता तिथं उतरा," छाया म्हणाली.

म्हाळसाआज्जी काठी टेकत पुढं आली. "शाब्बास, पोरींनो! अन् केरबा, तू बी! जे आम्हा म्हाताऱ्यांना सात वर्षं सुधरलं नाय, ते तुम्ही करून दावलं!"

ठराव बारगळला. आप्पासाहेबांनी पुंजारामांचे पत्रे स्वतः गाडीच्या टपावर बांधले, पोरांना आत बसवलं आणि त्या घरापुढं गाडी आणली. इंजिन शांतपणे चालू होतं. हुंदका नव्हता, तरी त्यांचा हात चावीवर घुटमळला.

मग त्यांनी चावी फिरवली, दार उघडलं आणि खाली उतरले.