घडी कुणी मोडली?

लक्ष्मी रोडवर गाड्या बंद झाल्या, सरकते फूटपाथ आले, तरी बायका आपल्या चालतच जातात. सरकत्या पट्टीवर उभं राहिलं की दुकानं भराभर मागं पळतात, काचेतलं काही नीट बघायलाच मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही त्यात काही. तर त्या रस्त्यावर 'रंगबावरी' म्हणून एक दुकान. पुढं कपडे, मागं प्रयोगशाळा, मधे नुसता पडदा.

त्या पडद्याआड दोघं जण भांडत होते. एक डॉक्टर तोरणेबाई, धाग्यापायी वीस वर्षं घातलेल्या. दुसरे गफूर मास्तर, ज्यांनी निम्म्या पुण्याचे ब्लाउज शिवलेत.

"मास्तर, कात्री ठेवा खाली. याला कापायचं नाहीये."

"न कापता कपडा? मग मला कशाला ठेवलंय, चहा सांगायला?"

"बघा तर आधी."

टेबलावर साडीएवढं कापड होतं. जांभळा रंग, पोपटी काठ. बाईंनी ते लाकडी पुतळ्याला गुंडाळलं आणि काठ चिमटीत दाबला. कापड सुळकन सरकलं आणि त्याचा झाला कोट. परत दाबलं, कुर्ता-सलवार. परत दाबलं, निऱ्या पडून चापूनचोपून साडी.

मास्तरांनी कात्री खिशात टाकली.

"ही बहुरूपी," बाई म्हणाल्या. "आत स्मरणधागा आहे. माणूस पाठमोरा जरी असला तरी चालीवरनं ओळखू येतो ना आपल्याला? तसंच हे कापड ओळखतं. खांदा कुठं असतो, वाकताना गुडघा आधी मोडतो की कंबर, हात कुठं विसावतो. माणसाची सगळी ऐट शिकून घेतं. सहा तास अंगावर राहिलं की धाग्याला पीळ बसतो."

"आणि मग?"

"मग काठ दाबायचीही गरज नाही. चिखलात उतरलात की सलवार होईल, साहेबापुढं गेलात की कोट, मांडवात शिरलात की साडी. आणि तुमचा खांदा उतरला तर धागा हळूच ताण देणार. बाई, तुमचा खांदा इथं असतो, असं सांगणार. नाहीतर चोळामोळा होतो कापडाचा."

"आणि पीळ काढायचा झाला तर?"

"नाही निघत. सारखं शिकत बसलं तर रोज भलतंच काहीतरी होऊन बसेल. एकदाच शिकतं. जिनं पहिल्यांदा घातलं, तिचं झालं ते."

मास्तरांना हे पटलं. त्यांच्या हातचा ब्लाउजही असाच, एकीचा दुसरीला कधी झाला नाही.

आठवड्यानं पहिलं गिऱ्हाईक आलं. ऋजुता. महापालिकेच्या बागांमधे मदतनीस, अकरा वर्षं. झाडाचं पान हातात धरून त्याचं दुखणं सांगायची, पण माणसांसमोर आली की खांदे पडायचे, मान खाली, आवाज पोटात. उद्यानप्रमुखाच्या जागेसाठी दोनदा मुलाखत देऊन दोनदा हात हलवत परत आलेली. आता तिसरी, आणि नियमाप्रमाणे शेवटची. ही गेली की जन्मभर मदतनीसच.

सोबत नणंद होती, शर्वरी. सिंहगडाच्या पायथ्याला पिठलं-भाकरीचं हॉटेल चालवायची. तिनं खालून ऑर्डर ओरडली तर गडावर ऐकू जायची.

"हिला एकच काहीतरी द्या ओ," शर्वरी म्हणाली. "शुक्रवारी सकाळी चिखलात, दुपारी मुलाखतीत आणि संध्याकाळी माझ्या पोरीच्या साखरपुड्यात. तीन वेळा कपडे बदलायला ही काय नाटकात काम करते?"

"वन्सं, हळू बोला ना."

"हळूच बोलतेय की!"

रस्त्यावरचे दोघे जण वळून आत बघायला लागले.

ऋजुतानं आधी बाकीचं सगळं बघून घेतलं. लिननचे कुर्ते, कच्छी जाकिटं, खिसे असलेल्या साड्या. शर्वरी प्रत्येकाला नाव ठेवत होती. "यात तू बँकेतली वाटतेस. यात बँक लुटणारी." शेवटी बहुरूपी अंगाला लावली, तशी शर्वरीनं स्वतःच आरसा पुढं ओढला.

"हीच," ऋजुता म्हणाली.

बांधून देताना मास्तर म्हणाले, "ताई, एक लक्षात ठेवा. मुलाखतीच्या आधी घडी मोडून घ्या बरं का. चांगली दिवसभर."

आता इथंच सगळं फसलं. मास्तरांना म्हणायचं होतं, तू घालून फीर, म्हणजे पीळ तुझा बसेल; पण पिळाचं सांगायचंच राहून गेलं. पण आपल्याकडं घडी मोडून घ्यायची म्हणजे काय, हे कुठल्याही बाईला विचारा. नवी साडी आधी जिवाभावाच्या माणसाला नेसायला द्यायची, मग आपण नेसायची. ऋजुतानं घरी पोचायच्या आत पिशवी शर्वरीच्या हातात दिली.

"वन्सं, घडी तुम्ही मोडा."

शर्वरीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी? अगं, एवढी भारीतली?"

"तुम्हीच."

शुक्रवारी सकाळी ऋजुता कापड नेसून बागेत गेली. चिखलात पाय पडला तशी सलवार झाली, मळ झटकला तसा खाली पडला. ती एवढी खूश झाली, की मुलाखतीला जाता जाता मुद्दाम दुकानात डोकावली.

"मास्तर, छान आहे हो! परवा आमच्या वन्संनी घडी मोडली, दिवसभर नेसल्या होत्या."

मास्तरांच्या हातातली टेप गळून पडली. "बाई! बाहेर या!"

तोरणेबाईंनी ऐकलं आणि त्या स्टुलावरच बसल्या. "ऋजुताताई, कापड त्यांची ऐट शिकलंय. तुमची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मुलाखतीत ते तुम्हाला शर्वरीताईंसारखं उभं करायला बघणार."

ऋजुताच्या डोळ्यांपुढं शर्वरी आली. कमरेवर हात, गल्ल्यापाशी उभी, "बसा की, उभं राहून काय बिल कमी होणारे?" महापालिकेच्या साहेबांपुढं असं?

"मोठी चूक केली ना मी?"

"तुम्ही नाही, मी," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवतोय आणि घडी मोडून घ्या म्हणतो! थांबा, दुसरं देतो. दुकान आहे, काय तोटा आहे?"

त्यांनी पटापट चार कपडे काढले. ऋजुता राखाडी कोट घालून आरशासमोर उभी राहिली. कोट छान होता. पण आत जी होती ती तीच, गेल्या दोन मुलाखतींतली. खांदे पडलेले, मान खाली. तिनं स्वतःकडं बराच वेळ बघितलं.

"माझं ते जांभळंच द्या," ती म्हणाली.

"अहो, पण कमरेवर हात..."

"जाऊ दे. मी माझ्यासारखी दोनदा जाऊन आले. आता वन्संसारखी जाते."

मुलाखतीला तीन साहेब बसले होते. ऋजुता दारातून आत आली तसा अंगावर कोट झाला. खांद्याला हलकासा ताण आला, कुणीतरी मागनं बोट लावल्यासारखा. ती वाट बघत राहिली. आता हात कमरेवर जाणार. आता आवाज चढणार.

हात कमरेवर गेलाच नाही. तो कोपऱ्यातल्या कुंडीकडं गेला. ती वाकली, मातीत बोट घातलं आणि मान वर करून म्हणाली, "साहेब, याला रोज पाणी कोण घालतंय? बुडालंय हो हे. मुळं कुजायला लागलीत."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"मी घालतो," मधले साहेब बारीक आवाजात म्हणाले. "प्रेमानं घालतो."

"प्रेम आठवड्यातनं दोनदाच करा."

मग हशा काय पिकला तिथं! पुढं पाऊण तास ती बोलत होती. कुठल्या बागेत कुठलं झाड का मरतंय, ते वाचवायला काय लागेल, सगळं अंगणात बसून सांगावं तसं. मान एकदाही खाली गेली नाही. संध्याकाळी साखरपुड्याच्या हॉलच्या दारातच तिला निरोप आला. जागा मिळाली.

आत पाऊल टाकलं तशी साडी झाली. शर्वरी पोरीच्या सासरच्यांना पेढे देत होती, ताट दुसरीकडं सोपवून धावत आली. ती पेढा ऋजुताच्या तोंडात कोंबतच होती, तेवढ्यात मास्तर आणि तोरणेबाई दोघंही पत्ता विचारत विचारत हॉलमधे हजर. बाईंच्या हातात धाग्याचा पीळ वाचायचं छोटं यंत्र होतं.

"आधी मला हे कापड वाचू द्या," बाई म्हणाल्या. "माझा जीव टांगणीला लागलाय."

त्यांनी यंत्र पदराला लावलं. वाचलं. डोळे चोळले. पुन्हा वाचलं.

"हे कसं शक्य आहे? यात शर्वरीताई नाहीतच! वाकताना गुडघा आधी मोडतो, हात खाली जातो, मातीकडं. ही ऋजुताताईंचीच चाल आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"मान वर आहे. खांदे सरळ आहेत." त्या शर्वरीकडं वळल्या. "ताई, कापड नक्की तुम्हीच घातलं होतंत ना? काय केलंत दिवसभर?"

शर्वरी चक्क लाजली. "काय करणार? हिची साडी अंगावर, म्हटलं आज हिच्यासारखंच वागायचं. गिऱ्हाइकांना हॉटेलाभोवतीच्या झाडांची नावं सांगत बसले, निम्मी चुकीची सांगितली असतील. कुंड्यांत बोटं घातली. दिवसभर एकदाही ओरडले नाही. पोरं म्हणाली, आई आजारी आहे का?"

तोरणेबाईंनी हळूच यंत्र बंद केलं. वीस वर्षांत हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. कापड आत कोण आहे ते शिकतच नाही. आतलं माणूस जशी ऐट आणेल, तेवढी शिकतं.

ऋजुता अजून तिथंच अडकली होती. "पण वन्सं, मान वर, खांदे सरळ... मी कुठं अशी असते?"

"मग कशी असतेस?" शर्वरीला खरंच कळेना. "मला तर तू कायम अशीच दिसलीस. मी बघितलं तसं केलं."

ऋजुताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं पदर वर उचलला आणि तसाच थांबवला. "अगं बाई, कापड..."

"रडा, ताई, खुशाल रडा," मास्तर म्हणाले. "ते आता काही नवीन शिकत नाही."