गोठा राखणारी

"ताई, उद्यापर्यंत तुझं सामान माडीवरच्या मागच्या खोलीत हलव. गोठा रिकामा लागणार आहे," धाकट्या भावानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं, आणि भाचीच्या बाळाच्या दुपट्याची घडी घालणारे ताईचे हात जागच्या जागी थिजले...

आत पाऊल टाकायचीही त्याला गरज वाटली नव्हती. त्याच्या लग्नापासून ती या गोठ्यात राहत होती, आणि हा इथं आत आला तो आज सकाळीच, तोही पाहुण्यांना दाखवायला!

जुन्या शेतघरांचा इतिहास लिहिणाऱ्या एक बाई सकाळी आल्या होत्या. धाकट्यानं त्यांना आधी मोठं घर दाखवलं, मूळ पुरुषाचा पराक्रम सांगितला, छाती फुगवून. बाईंनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं, तर सिमेंटचा एक ओला पापुद्रा त्यांच्या चपलेवरच पडला. "हे घर बरंच नंतरचं आहे," त्या म्हणाल्या, "आणि यातलं जे काही जुनं होतं, ते या सिमेंटच्या आत कुजलंय." धाकट्याचा चेहरा पडला. पण गोठ्याच्या दगडी कमानीखाली आल्यावर बाईंचा आवाजच बदलला. त्या जाडजूड भिंती, त्या फटीएवढ्या खिडक्या, जमिनीतून उताराकडे जाणारी ती दगडी पन्हळ... "तुमचं मूळ घर हे आहे. मध्ययुगातलं. वरच्या अंगाला माणसं राहायची, उताराकडे जनावरं, सगळी एकाच छपराखाली. इतकं धडधाकट उरलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. कुणी राखलं हे?"

"आम्हीच," धाकटा म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्या."

त्याच्या मागे पाण्याचे पेले घेऊन ताई उभी होती.

आम्हीच... दिवसभर तो एक शब्द तिच्या काळजात सलत राहिला. आई गेली तेव्हा हा रांगत होता. त्याला कडेवर घेऊन तिनं घर सांभाळलं, जमत आलेलं लग्न आपण होऊन मोडलं, आणि पुढं त्याच्या संसाराला खोली हवी म्हणून स्वतःची पेटी स्वतःच उचलून या रिकाम्या गोठ्यात आली. 'ताई, राहू दे गं' एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. मग त्यानं मोठ्या घराला सिमेंटचा गिलावा द्यायला काढला, तेव्हा ती काकुळतीनं म्हणाली होती, "अरे, दगडमातीच्या भिंती आहेत, ओल बाहेर पडू दे त्यांची. चुनाच लाव." तो हसला होता. "तुझा चुना तुझ्या गोठ्याला लाव. तिथं कोण सिमेंट वाया घालवतंय?"

तिनं लावला. दरवर्षी सुगी आटोपली की जनावरांच्या जुन्या दगडी डोणीत चुना भिजत घालायचा, मुरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा आणि हातांची सालं निघेपर्यंत भिंतींवर कुंचा फिरवायचा...

"माडीवर कशाला?" तिनं आता शांतपणे विचारलं.

"लोक बघायला येतील. तुझी खाट, तुझी भांडी... बरं दिसतं का ते?"

त्याच्या मागून भावजय पुढं झाली. "वन्सं, घराण्याच्या नावाचा प्रश्न आहे. थोडी अडचण सोसा की. आणि तुम्हाला एकटीला अशी जागा लागते तरी किती?"

"मला किती जागा लागते, हा हिशेब तुम्ही दोघं फार वर्षं करताय," ताई म्हणाली.

आत बाळाला मांडीवर घेऊन भाची बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली. ती तिथूनच कडाडली, "बाबा, त्या खोलीतून मी बाळाला उचलून इथं आणलंय. खोकून खोकून निळं पडत होतं ते. भिंतींना काळी बुरशी आहे, आणि तिथं आत्यानं झोपायचं?"

"तू मध्ये पडू नकोस. ताई, हे घर माझ्या नावावर आहे."

ताई उठली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज त्याच्यासमोर चढला.

"असू दे. नाव तुझं, घराणं तुझं, मूळ पुरुषही तुझाच. मी कधी काही मागितलं? पण तुझ्या लग्नात माझी खोली मी दिली होती, तू घेतली नव्हतीस, एवढं ध्यानात ठेव. हा गोठा मात्र मी देणार नाही. आज त्या बाईंनी विचारलं, कुणी राखलं... तेव्हा नुसतं वळून बघितलं असतंस माझ्याकडे, तरी पुरलं असतं रे मला..."

धाकटा वळला आणि तरातरा माडीवर गेला, बहुधा तिची खाट कुठं मांडायची ते ठरवायला. बराच वेळ तो खाली आला नाही. संध्याकाळी वरून ठोकल्याचे आवाज येऊ लागले, तेव्हा भावजय घाबरून जिना चढली आणि केसांत सिमेंटची धूळ घेऊन उतरली.

सकाळी त्या बाई कॅमेरा घेऊन पुन्हा आल्या. धाकटा त्यांना थेट गोठ्याच्या दाराशी घेऊन आला. त्याच्या बोटांची सालं निघाली होती, डोळे लाल होते.

"काल मी खोटं बोललो," तो म्हणाला. "हे माझ्या बहिणीनं राखलंय, एकटीनं. मोठं घर मी बिघडवलं, तेही लिहा. आणि ती इथंच राहते, इथंच राहील. तिला विचारल्याशिवाय कुणी आत यायचं नाही."

बाई ताईकडे वळल्या. "येऊ का मी आत?"

ताईनं मान डोलावली. बाई आत गेल्या, पण धाकटा उंबऱ्याबाहेरच थांबला, परक्यासारखा.

"ताई, काल त्या खोलीतल्या भिंतीला हात लावला आणि तळवा काळा झाला गं... तुला मी तिथं झोपवणार होतो. वरचं सिमेंट काढायला घेतलंय. चुना लावायला शिकवशील?"

ती विरघळली नाही. इतक्या वर्षांचा संताप एका वाक्यानं निवत नाही, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. तिनं त्याच्या सोललेल्या बोटांकडे बघितलं.

"हा चांगला शर्ट बदलून ये आधी," ती म्हणाली. "आणि येताना बाहेर थांबू नकोस. आत ये."